पोटात गॅस भरल्यावर कळतं

डुकराला भूल देणं म्हणजे काय मोठं काम नाही, केटामाइन-झायलाझिन टोचायचं, दहा मिनिटांत जनावर आडवं. हे मला ज्या सर्जननी सांगितलं होतं, तेच पुढे ओटीत "मॅडम, पोट ढिलं नाही हो" म्हणून ओरडत होते. या दोन वाक्यांच्या मध्ये काय काय घडलं ते सांगते.

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे. स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी होटगी रोडला सिझेरियन, दुपारी अशोक चौकाकडे हर्निया, संध्याकाळी कुठेतरी हाड बसवायचं, असा फिरता संसार. शहराबाहेर एका केंद्रात तरुण सर्जनांकडून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा सराव डुकरांवर करून घेतात. तिथे भुलीची एक ठरलेली पद्धत नव्हती. त्या दिवशी जो येईल तो त्याला जमेल ते देई. केंद्राच्या नीतिसमितीनं शेवटी हट्ट धरला की तीन पद्धती शेजारी शेजारी लावून बघा आणि एक काय ते ठरवा. तिथले पशुवैद्यक डॉक्टर शिरवळला शिकलेले. त्यांना डुक्कर माहीत, मला गॅसनं फुगलेलं पोट माहीत. म्हणून आमची जोडी जमवली. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माणसं संपली का गं सोलापुरातली?"

डुक्करच का, हे त्यांना समजावताना मलाही नीट मांडावं लागलं. तीस-पस्तीस किलोच्या डुकराचं पोट आणि छाती साधारण माणसाच्या मापात बसतात. दुर्बीण, चिमटे, क्लिप सगळं माणसाचंच वापरता येतं. पोटात हवा भरून आत दुर्बीण घालायचा पहिला प्रयोग गेओर्ग केलिंग या जर्मन डॉक्टरांनी १९०१ साली कुत्र्यावर करून दाखवला होता. आपल्याकडे टेहमटन उडवाडियांनी मुंबईत १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि मग ही लाट जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. आज सोलापुरात पित्ताशयाचं ऑपरेशन पोट उघडून करायचं म्हटलं तर नातेवाईकच "का?" म्हणून विचारतात. पण तो हात कुठेतरी बसावा लागतो, आणि पेशंटच्या पोटात बसण्यापेक्षा इथे बसलेला बरा. डुकराचं पित्ताशय यकृतात बरंच रुतलेलं असतं, त्यामुळे सराव अवघडच होतो. ते सर्जनांच्या फायद्याचं आहे.

कागदपत्रांनी जीव काढला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ही सगळी व्यवस्था आहे. उंदीर-ससे असतील तर संस्थेची समिती पुरते, मोठ्या जनावराला प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीची परवानगी लागते. तिला आधी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. फॉर्ममध्ये विचारतात, वेदना कशी थांबवणार, ती थांबली हे कसं ओळखणार, नाही थांबली तर काय करणार. खरं सांगते, माणसाच्या ऑपरेशनआधी मला हे तीन प्रश्न कुणी लेखी विचारलेले नाहीत. शिवाय केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं, म्हणून त्याचं रजिस्टर वेगळं, कुलूप वेगळं. आणि जनावरं कमीत कमी. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेला जो नियम आहे, की पर्याय असेल तर जनावर वापरू नका, वापरलंत तर कमी वापरा आणि त्याचा त्रास कमी करा, त्यावर समिती अडून होती. त्यामुळे आमच्याकडे आकडेशास्त्राला पुरतील एवढी जनावरं नव्हती. पुढे जे लिहिते आहे तो दोन माणसांनी टेबलाशेजारी उभं राहून केलेला निवाडा आहे, त्याला तेवढंच वजन द्यावं.

तीन पद्धती अशा ठरल्या. पहिली, केटामाइन-झायलाझिनचे टॉप-अप देत राहायचं आणि जनावराला स्वतःचा श्वास घेऊ द्यायचा. दुसरी, शिरेतून झोपेचं प्रोपोफॉल आणि वेदना थांबवणारं फेन्टानिल पंपावर, श्वास व्हेंटिलेटरवर. तिसरी, आयसोफ्लुरेन सुंगवायचं, श्वास व्हेंटिलेटरवरच. समितीनं एक अट घातली आणि ती फार शहाणपणाची निघाली. श्वासनळीत नळी तिन्ही पद्धतींत टाकायची, आणि पहिल्या पद्धतीतही व्हेंटिलेटर बाजूला चालू ठेवायचा. पहिलं इंजेक्शन तिघांना एकच होतं.

जनावरं लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची. ती पहाटे अंधारात आणायची, कारण डुकराला घामानं अंग थंड करता येत नाही आणि सोलापूरचा एप्रिल काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आल्यावर लगेच टेबलावर घ्यायची नाहीत, आधी काही दिवस जागेला रुळू द्यायची. हे काम प्राणिशाळेतल्या मामांचं. मामा घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी. केळं, गूळ, कानामागे खाजवणं. मामा आत गेले की डुकरं त्यांच्या पायाशी येऊन उभी राहायची. मी आधी हे कौतुकानं बघत होते. नंतर कळलं की भुलीचं निम्मं काम तिथेच होतं. धरपकड करून, फासात अडकवून टोचलेलं डुक्कर किंचाळतं, नाडी वर जाते, मग तेच औषध कमी पडतं आणि दुसरा डोस लागतो. आम्ही सुईला लांब प्लास्टिकची नळी जोडायचो. मामा केळं दाखवत, "गप की बे, काय नाही करत तुला" म्हणत मानेत कानामागे सुई टोचायचे, डुक्कर दोन पावलं चाललं तरी सुई जागेवर राहायची आणि मागून डॉक्टर सावकाश औषध सोडायचे. सुई लांबच हवी. मानेवर चरबीचा थर जाड असतो, आखूड सुईनं औषध चरबीत बसतं आणि मग जनावर अर्धवट डुलत फिरत राहतं.

डोस ऐकून मी पहिल्यांदा वही बंद करून डॉक्टरांकडे बघितलं होतं. माणसाला स्नायूतून केटामाइन किलोमागे पाच-सहा मिलिग्रॅम दिलं तरी तो तारे बघतो. इथे १० ते २०. झायलाझिनचं तर उलटंपालटं आहे. गाईला त्याचा थेंब पुरतो, डुकराला तिच्या कितीतरी पट लागतं आणि तरी एकट्यानं काम होत नाही. फेन्टानिलचंही तेच, माणसाच्या हिशेबानं धडकी भरवणारा डोस. आयसोफ्लुरेन माणसाला साधारण १.२ टक्क्यांवर पुरतं, डुकराला दीड ते दोन लागतं.

उपाशी ठेवण्याची गोष्ट वेगळी. रात्रीपासून खाणं बंद, पाणी चालू. पण खाली पसरलेला पेंढा काढायला विसरलं तर डुक्कर तो खातं. दुर्बिणीच्या कामाला तर त्याच्या आधीचा दिवसही पातळ खाण्यावर ठेवावा. डुकराचं मोठं आतडं डाव्या बाजूला वेटोळं घालून बसलेलं असतं आणि त्यात अन्न आंबत राहतं. ते फुगलेलं असलं की कॅमेऱ्यात दुसरं काही दिसतच नाही.

नळी टाकणं हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. माणसांत मी रोज टाकते, पण डुकराचं तोंड लांब आणि उघडतं कमी. मऊ टाळू इतकी लांब की स्वरयंत्रावरचं झाकण बऱ्याचदा तिच्या वर जाऊन अडकलेलं असतं, दिसतच नाही. मला सवय उताण्या माणसाची. डॉक्टरांनी जनावर पोटावर ठेवलं, मामांनी वरच्या जबड्यात बँडेजची पट्टी घालून तोंड वर ओढलं आणि डॉक्टर मला म्हणाले, "बघा आता." सगळं चित्र उलटं. लांब, सरळ पात्याचा लॅरिंगोस्कोप, आधी गळा बधिर करायला लिग्नोकेनचा फवारा, मग थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. डुकराचा गळा चटकन आवळतो, आणि आवळलेल्या गळ्यात नळी ढकलत बसलं तर सूज येते आणि जनावर तिथेच जातं. फवाऱ्यानंतर टाळू बोथट सळईनं बाजूला केली की झाकण सुटून खाली पडतं. नळी स्वरयंत्रातून आत जाते आणि पुढे अडते, कारण तिथून श्वासनळी वेगळ्या कोनात वळते. जोर लावायचा नाही, नळी अर्धी फिरवायची, मग ती सरकते. पण जास्त आत नको. डुकराच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची शाखा मुख्य नळीच्या दुभाजकाआधीच फुटते. नळी खोल गेली की ती शाखा बंद होते, ऑक्सिजन हळूहळू घसरतो आणि कारण सापडत नाही. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. नाहीतर मी मशीनला दोष देत बसले असते.

इथपर्यंत तिन्ही पद्धती सारख्याच. कानाच्या कडेच्या शिरेत कॅन्युला, जिभेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ जोडलेला. केटामाइनवालं डुक्कर तर सगळ्यांत छान दिसत होतं. ब्लड प्रेशर उत्तम, श्वास स्वतःचा, खर्च जवळजवळ नाही. सर्जन माझ्याकडे बघून हसले सुद्धा.

मग गॅस सोडला.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. आम्ही दाब पाऱ्याच्या १० ते १२ मिलिमीटरवर ठेवला होता. हा गॅस पोटाच्या आतल्या आवरणातून रक्तात शिरतो, म्हणजे शरीराला नेहमीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो. आणि नेमकं त्याच वेळी फुगलेलं पोट छाती-पोटामधल्या पडद्याला वर ढकलतं, फुप्फुसाला पसरायला जागा राहत नाही. जास्त श्वास घ्यायची गरज आणि कमी श्वास घ्यायची सोय. जागा माणूस धापा टाकून हे निभावेल. केटामाइनवर झोपलेलं डुक्कर भराभर, उथळ श्वास घ्यायला लागलं. मॉनिटरवर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा, जो ३५ ते ४५ मध्ये असावा, पन्नास ओलांडून वर निघाला. त्यात केटामाइनचा स्वभाव असा की स्नायू ताठ राहतात. पोटाची भिंत सैल पडत नाही, म्हणून थोडा गॅस गेला तरी मशीन दाब पूर्ण झाला म्हणून थांबतं, आणि कॅमेऱ्याला आत जागा मिळत नाही. मधेच उचकी. मधेच गिळल्याची हालचाल. "मॅडम, पोट ढिलं नाही हो" ते इथे.

सर्जननी साहजिकच स्नायू सैल करायचं औषध मागितलं. माणसाला मी विचार न करता दिलं असतं. इथे नाही म्हटलं, आणि यावर आमचं थोडं वाजलं. ते औषध दिलं की जनावर हलत नाही. पण ते झोपलंय, की सगळं कळत असून हलता येत नाही, हे ओळखायची वाटच बंद होते. डुकराच्या डोळ्यांवर विसंबता येत नाही, आपण जबड्याचा ताठरपणा आणि खुराच्या कडेला चिमटा काढल्यावर पाय ओढतं का हेच बघतो. दोन्ही खुणा त्या औषधानं पुसल्या जातात. भूल पक्की खोल आहे याची खात्री असेल तरच ते द्यावं, असा नियम आहे, आणि टॉप-अपवर चाललेल्या केटामाइनबद्दल मला ती खात्री नव्हती. आम्ही श्वास व्हेंटिलेटरवर घेतला आणि आयसोफ्लुरेन चालू केलं. काही मिनिटांत आकडा उतरला, पोट सैल पडलं. पहिली पद्धत त्या डुकरापुरती तिथे संपली. पुढच्यांतही चित्र फार वेगळं झालं नाही.

प्रोपोफॉल मला मनापासून आवडलं, हे आधीच कबूल करते, माझा त्यावर जुना जीव आहे. पोट सैल, श्वास आपल्या हातात, ओटीत वास नाही. गॅस भरल्यावर व्हेंटिलेटरचा दर वाढवायचा, एका श्वासाचं माप फार वाढवायचं नाही, श्वासाच्या शेवटाला थोडा दाब राखायचा, की आकडा ताब्यात. पण टेबल कलतं करून जनावराचं डोकं वर केलं, पोटात गॅस, वरून प्रोपोफॉल, असं तिहेरी जुळलं की रक्त पायाकडे थांबतं आणि ब्लड प्रेशर घसरतं. सलाइन हाताशी ठेवावं लागतं. शिवाय पंप विजेवर. एकदा लाइट गेली, जनरेटर घ्यायला वेळ लागला, आणि दोन पंपांपैकी एकाची बॅटरी म्हातारी निघाली. आयसोफ्लुरेनची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरला वीज लागत नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि हातात फुगा असला की भूल चालू राहते. आपल्या भागात हा मुद्दा औषधाच्या गुणांइतकाच मोठा आहे. कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यात तो रकाना नसतो.

आयसोफ्लुरेनला मात्र डुकरांत एक भीती चिकटलेली आहे. काही डुकरांच्या एका जनुकात बदल असतो. सुंगवायची भूल दिली की त्यांचे स्नायू आखडतात, शरीर आतून पेटतं, ताप चढत जातो आणि जनावर दगावतं. माणसांतला हाच आजार १९६० साली ऑस्ट्रेलियात एका कुटुंबात नोंदला गेला, आणि डुकरांतला नेमका बदल १९९१ साली सापडला. लँड्रेस आणि पिएत्रां जातींत तो जास्त आढळतो. आमची जात त्यातली नव्हती, तरी डॉक्टरांनी पाळणाऱ्याला खोदून विचारलं होतं की वाहतुकीत, मारामारीत, उन्हात अचानक ताठ होऊन मेलेलं डुक्कर कधी होतं का. कारण यावरचं डँट्रोलिन हे औषध जिल्ह्याच्या गावात दुकानात मागितलं की मिळेल असं नाही.

आता गंमत बघा. या आजाराची पहिली खूण म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा आकडा वर जाणं. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो आकडा तसाही वर जातोच. एका आयसोफ्लुरेनवाल्या डुकरात दर वाढवूनही आकडा चढतच राहिला. नाडीही वाढली. ओटीत सगळे गप्प झाले, मी व्हेपोरायझरवर हात ठेवला. डॉक्टरांनी जबडा उघडून बघितला, ढिला. गुदद्वारातल्या थर्मामीटरवर ताप नाही, उलट डुकराच्या नेहमीच्या ३९ च्या खालीच. मग त्यांनी कुशीवर हात फिरवला आणि माझा हात ओढून तिथे ठेवला. कातडीखाली चुरमुऱ्यांच्या पिशवीवर हात ठेवल्यासारखं चुरचुरत होतं. शिकाऊ सर्जनच्या हातून पोटात घातलेली एक नळी बाहेर सरकली होती आणि गॅस कातडीखाली पसरत होता, तिथून रक्तात. गॅस बंद केला, नळी पुन्हा बसवली, दाब कमी केला. आकडा सावकाश खाली आला. ती कुशीवरची तपासणी मी आता माणसांतही आधी करते.

अंगाची ऊब हा दुसरा उलटा हिशेब. बाहेर बेचाळीस डिग्री, रस्त्यावर डांबर वितळलेलं, आणि आत डुक्कर गारठतंय. केस काढलेले, एसी, पोटात थंड गॅस, आणि भुलीनं शरीराची थरथर बंद. तिन्ही पद्धतींत तापमान उतरलं. मामांनी घरून चादर आणली, चक्क सोलापुरी जाड चादर, टेबलावर आणि पायांवर गुंडाळायला. निर्जंतुक नाही म्हणून ओटी सिस्टर कुरकुरल्या, मग शस्त्रक्रियेच्या जागेपासून लांब ठेवायच्या बोलीवर चादर राहिली. पुढे गरम पाण्याची गादी आली.

उठवताना तिन्हींचे स्वभाव आणखी उघडे पडले. आयसोफ्लुरेनवालं लवकर शुद्धीवर येतं. गिळायला लागलं, जबडा घट्ट झाला की नळी काढायची. उशीर केला तर चावून तोडेल. प्रोपोफॉलवालं शांत उठतं, पण काम लांबलं असेल तर खूप वेळ लोळत राहतं. केटामाइनवाली वाईट उठली. झायलाझिनचा असर आधी उतरतो, केटामाइन मागे राहतं, मग पाय हवेत मारणं, डोकं आपटणं. मामा बाजूला बसून कान चोळत राहायचे. उठेपर्यंत प्रत्येकाला वेगळं ठेवावंच लागतं, कारण जागी डुकरं गुंगीतल्याला चावतात. दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेलॉक्सिकॅम तिघांनाही दिलं होतं.

हे उठवणं तुलनेच्या जनावरांपुरतं. सरावाच्या बॅचमधल्या जनावरांना उठवायचंच नसतं, भूल उतरू न देता त्यांचा शेवट करतात. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितलेली नाही. पण पद्धत ठरवताना तिचा विचार करावा लागतो. जिथे उठवायचं नाही तिथे लवकर उठण्याच्या गुणाला किंमत नाही. तिथे तासन् तास खोली टिकणं आणि मध्ये एक क्षणही ती न डळमळणं, एवढंच बघायचं. आणि नेमकं तिथेच लोक म्हणतात, मरणारच आहे तर केटामाइन चालेल. मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही.

अहवालात आम्ही लिहिलं ते असं. केटामाइन-झायलाझिन फक्त पहिल्या इंजेक्शनपुरतं, नळी टाकेपर्यंत. पुढे आयसोफ्लुरेन, वाया जाणारा वायू खिडकीबाहेर नेणारी नळी बसवून. व्हेपोरायझर दुरुस्तीला गेला असेल किंवा कळपाचा इतिहास संशयास्पद असेल तर प्रोपोफॉल-फेन्टानिल, दोन्ही पंपांच्या बॅटऱ्या आदल्या दिवशी तपासून. व्हेंटिलेटर आणि कॅप्नोग्राफ नसेल तर पोटात गॅस भरायचा नाही, औषध कुठलंही असो. खर्चाच्या रकान्यावरून केंद्राशी बरीच ओढाताण झाली. आयसोफ्लुरेन मान्य झालं, दुसरा कॅप्नोग्राफ अजून मंजूर व्हायचाय. मे महिन्यात बॅच घ्यायची नाही, ही मामांची सूचना मात्र कुणीही वाद न घालता लिहून घेतली.